पलंग दर उन्हाळ्यात करकरतो? बाजूपट्टीचा बोल्ट निवडताना होणाऱ्या चुका आणि त्यावरचे उपाय

“दादा, पलंग परत बोलायला लागलाय.” पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा हा फोन सलग तीन वर्षं मे महिन्यातच आला. पलंग मीच करून दिला होता, २०१८ मध्ये. दरवेळी जायचं, गादी उतरवायची, ॲलन कीने चारही कोपरे आवळायचे, चहा घ्यायचा आणि परत यायचं. पावसाळाभर पलंग गप्प बसायचा. पुढच्या होळीनंतर पुन्हा तेच.

नाशिकच्या पंचवटीत माझी लहानशी सुतारशाळा आहे. अशी तक्रार घेऊन येणारे लोक मला वर्षभर भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “कोणता बोल्ट मजबूत?” बोल्ट सहसा तुटत नाही. बोल्टभोवतीचं लाकूड हरतं. म्हणून आधी सांध्यात नेमकं काय चाललंय ते बघायचं आणि मग हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढायची.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा

गादी काढा. त्याखालच्या फळ्या किंवा प्लाय पण काढा. आता एकाने उशाकडचा पाटा धरून पलंग लांबीच्या दिशेने मागेपुढे हलवायचा आणि दुसऱ्याने बाजूपट्टी जिथे पायाला टेकते त्या फटीवर बोट आडवं ठेवायचं. अर्धं पट्टीवर, अर्धं पायावर. डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटाला लगेच कळते. फळ्या काढल्यावर आवाज पूर्ण थांबला, तर सांध्याला दोष देऊ नका. फळ्या आधारपट्टीवर घासत असतात. त्यांच्याखाली नमद्याची किंवा जुन्या सायकल ट्यूबची पट्टी चिकटवली की काम झालं.

एक पाय जमिनीला टेकत नसेल तरी पलंग आवाज करतो. फ्लॅटमधल्या फरशीला थोडाफार उतार असतोच. पायाखाली कागद सरकवून बघा, सहज आत गेला तर तिथे पॅकिंग द्या. पाच-सहा फूट रुंद पलंगाला मधला आडवा आधार आणि त्याला स्वतःचा पाय नसेल, तर सगळा भार दोन बाजूपट्ट्यांवर येतो, त्या मधून वाकतात आणि टोकाचे सांधे उघडतात. हे तपासून झाल्यावरही कोपराच हलत असेल, तर पुढचं वाचा.

बोल्ट सैल का पडतो

बहिणीचा पलंग तिसऱ्या उन्हाळ्यात मी पूर्ण उसवला. सांध्याखाली फरशीवर बारीक तपकिरी भुकटी पडलेली होती. बहिणीला वाटलं भुंगा लागला. ती भुकटी सागवानाचीच होती, बोल्टच्या आट्यांनी पायाच्या भोकातून कानशीसारखी घासून काढलेली. भोकाच्या तोंडावर करंगळी फिरवली तर त्याचा गोल वरखाली लांबट झालेला लागला. पट्टीच्या आत बॅरल नट (बोल्टचं टोक ज्यात फिरून बसतं तो गोल आडवा नट) बसतो ते १० मिमीचं भोक बोल्टच्या दिशेने ओढलं जाऊन जवळपास १२ मिमी झालं होतं, आणि त्या भोकापासून पट्टीच्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. त्या एका कोपऱ्यात माझ्या सगळ्या चुका दिसत होत्या.

पहिली गोष्ट लाकडाची. लाकूड रुंदी-जाडीत फुगतं आणि आटतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवान यात फार गुणी लाकूड आहे, तरी ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते एका दिशेने सुमारे अडीच आणि दुसऱ्या दिशेने सुमारे पावणेसहा टक्के आटतं. आता पलंगाचा पाय बघा. बोल्ट पायाच्या जाडीतून आडवा जातो, म्हणजे नेमका जिकडे लाकूड आटतं त्याच दिशेने. नाशिकचा ऑगस्ट आणि नाशिकचा एप्रिल यांच्या हवेत किती फरक असतो ते आपण जाणतो. पावसाळ्यात दमट, होळीनंतर दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी. लाकडातलं पाणी चार टक्क्यांनी जरी उतरलं, तरी ६५ मिमी जाडीचा पाय साधारण अर्धा मिलिमीटर आटू शकतो. लोखंडी बोल्ट तेवढाच लांब राहतो. एम-६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे तुम्ही हातही न लावता बोल्ट अर्धा फेरा सैल झाला.

उलट पावसाळ्यात पाय फुगतो, बोल्ट फुगू देत नाही, आणि बोल्टच्या डोक्याखालचं लाकूड चेपतं. ते चेपलेलं लाकूड उन्हाळ्यात पुन्हा उभं राहत नाही. म्हणून दर वर्षी सैलपणा थोडा वाढतो. त्यातही मी ती पट्टी पूर्ण वाळलेल्या लाकडाची केली नव्हती. वखारीतून आणलेलं लाकूड आठ दिवसांत रंध्याखाली घातलं होतं. आता मी ते महिना-दीड महिना घरात, खाली बारीक पट्ट्या देऊन रचून ठेवतो आणि मॉइश्चर मीटरवर १०–१२ टक्के आल्याशिवाय हात लावत नाही. जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालं तर उत्तमच, त्यानं आधीच कितीतरी पावसाळे बघितलेले असतात. फक्त रंधा मारण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

दुसरी गोष्ट भाराची. सांध्याला दोन वेगळी कामं असतात. माणसांचं वजन खाली पेलायचं हे एक आणि पट्टी पायाशी घट्ट ओढून धरायची हे दुसरं. ओढून धरण्यात बोल्टसारखा कोणी नाही. पण वजनही त्याच्यावरच टाकलं, तर तो कोपऱ्यात कुणी बसलं-उठलं की भोकात वरखाली दाबतो आणि भोक लांबट करतो. वजन पेलायला लाकडालाच लाकूड टेकवलं पाहिजे. आजीच्या बाजेत गाते, म्हणजे बाजूचे दांडे, पायांच्या खाचेत ठोकून बसवलेले असत, त्यात एकही बोल्ट नव्हता आणि भार मात्र बरोबर पेलला जाई.

तिसरी गोष्ट टेकून बसण्याची. आपण उशाकडच्या पाट्याला पाठ टेकून मोबाईल बघत बसतो, तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो. टेकलेली जागा बाजूपट्टीच्या खालच्या कडेपासून दोन फूट वर धरू. सांधा वरून उघडायला बघतो आणि पट्टीच्या खालच्या कडेवर रेटतो. पट्टी चार इंच रुंद आणि बोल्ट मधोमध असेल, तर बोल्टला कडेपासून फक्त दोन इंचांचा आधार मिळतो. दोन फुटांवरचा रेटा तिथे बारा पट होऊन बोल्टवर येतो. तीच पट्टी सहा इंच रुंद केली की तो आठ पटीवर उतरतो. पैसे लाकडाला थोडे जास्त पडतात, पण पट्टीच्या रुंदीइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. पलंग भिंतीला टेकवून ठेवला तरी हा रेटा पुष्कळ कमी होतो.

दुकानात काय काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

एल आकाराची पत्र्याची क्लिप आणि चार स्क्रू. सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात आधी सुटणारी. स्क्रू उपसून येतात, मग लोक काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल घालून तेच स्क्रू परत फिरवतात, महिनाभर बरं चालतं. आधारपट्टी जागेवर ठेवायला क्लिप ठीक आहे, मुख्य सांध्याला नको.

मिनीफिक्स. मॉड्युलर कपाटं जोडणारा हा फिरवून आवळायचा गोल कॅम बोर्डाच्या कपाटात छान काम करतो, कारण कपाट हलत नाही. पलंग रोज हलतो. १८ मिमीच्या बोर्डात त्याच्यासाठी १५ मिमी व्यासाचं आणि साडेबारा मिमी खोल भोक पाडावं लागतं, म्हणजे मागे साडेपाच मिमी बोर्ड उरतो. पार्टिकल बोर्डात तो कॅम एकदा फिरला की भुसा होऊन बाहेर येतो. तयार विकत घेतलेल्या पलंगाची बाजूपट्टी मिनीफिक्सवर असेल आणि दुसऱ्यांदा घर बदलताय, तर तो सांधा बदलूनच घ्या.

बेड हुक, म्हणजे एका पाटीवर आकडे आणि दुसऱ्या पाटीवर खाचा. खालून वर उचललं की पट्टी सुटते, पाना लागत नाही. भाड्याच्या घरातल्या सिंगल बेडला मला हे आवडतं. वजन पडलं की आकडे खाली सरकून आणखी घट्ट बसतात. पण आकड्यांची पाटी पट्टीच्या टोकाच्या कापावर बसते आणि तिचे स्क्रू लाकडाच्या रेषेत, काड्यांच्या जुडीत टोकाकडून खिळा घुसवावा तसे जातात. अशा जागी स्क्रूची पकड कमी असते. त्याला एक युक्ती आहे, आणि ती केल्याशिवाय बेड हुक लावू नका. पट्टीच्या आतल्या अंगाने, टोकापासून साधारण इंचभर अंतरावर, १२ मिमीचं भोक आडवं पाडायचं, त्यात कठीण लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी टोकाकडून स्क्रू असा घ्यायचा की तो त्या खुंटीत आडवा घुसेल. स्क्रू अर्थातच दोन इंचांचा लागतो. मग तो सहसा उपसत नाही.

इन्सर्ट नट, म्हणजे लाकडात पेरायची पितळी किंवा जस्ताची आटेदार नळी, मी पट्टीच्या टोकात कधीच वापरत नाही. कारण वरचंच. पायात, आडव्या रेषेत, ती चांगली धरते.

राहिला लांब बोल्ट आणि बॅरल नट. भरीव लाकडाच्या डबल बेडला माझं उत्तर हेच आहे. बोल्ट पायातून आरपार जाऊन पट्टीच्या टोकातून आत शिरतो, आणि पट्टीच्या आतल्या अंगाने घातलेल्या गोल आडव्या नटात बसतो. नट लाकडाच्या रेषेला आडवा पडतो, म्हणून ओढ लाकडाच्या मोठ्या भागावर विभागली जाते. आणि मुख्य म्हणजे दर वर्षी तो पुन्हा आवळता येतो. एम-६ सिंगल बेडला चालेल, डबल बेडला एम-८ घ्या. पहिल्यांदा माझी एक चूक एम-६ घेण्याची होती, आणि तेवढीच मोठी दुसरी चूक नट टोकाच्या फार जवळ, एका इंचावर बसवण्याची. त्या इंचभर लाकडानेच चीर दिली. आता मी नटाचं केंद्र टोकापासून ५५ मिमी आत ठेवतो.

वॉशरकडे बहुतेक लोक बघतही नाहीत. एम-८ चा साधा वॉशर १६ मिमी व्यासाचा असतो, मोठ्या पानाचा २४ मिमीचा मिळतो. भोक वजा केल्यावर लाकडावर टेकणारं क्षेत्रफळ अडीच पटीहून जास्त होतं, आणि लाकूड चेपण्याचा प्रश्न तिथेच पुष्कळ सुटतो. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. बोल्ट आवळला की तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो, लाकूड अर्धा मिलिमीटर आटलं तर ती फट तो भरून काढत नाही.

बॉक्स बेडबद्दल थोडक्यात. खाली सामान ठेवायचं, वर हायड्रॉलिक झाकण, आणि सगळं प्लायचं असेल तर प्लायच्या कडेत स्क्रू मारू नका, थर फाकतात. आतल्या कोपऱ्यात दीड इंची लाकडी गुटका गोंद आणि स्क्रूने एका बाजूला पक्का करा आणि दुसरी बाजू त्या गुटक्याला आरपार बोल्टने जोडा.

बहिणीचा पलंग कसा दुरुस्त केला

पाय तेच ठेवले, बाजूपट्ट्या नवीन केल्या. सहा इंच रुंद, दीड इंच जाड, आणि दोन्ही टोकांना चार-चार सूत (अर्धा-अर्धा इंच) जास्त लांब. त्या चार सुतांचं कुसू (खाचेत बसणारी जीभ) केलं, २० मिमी जाडीचं, चारही बाजूंनी खांदा (पायाला टेकणारी सपाट कड) सोडून. पायात तेवढीच खाच पटाशीने कोरली. कुसू गोंद न लावता बसतं, घट्ट पण हाताने निघेल असं. आता वजन कुसवावर आहे आणि बोल्ट फक्त ओढतो. ज्यांना खाच कोरायला जमणार नाही त्यांनी बोल्टच्या वर-खाली १० मिमीच्या दोन लाकडी खुंट्या पट्टीत पक्क्या कराव्यात आणि पायात सुट्या ठेवाव्यात. कुसवाच्या तोडीचं नाही, पण भोक लांबट होणं थांबतं.

पायातली जुनी लांबट भोकं १६ मिमीपर्यंत मोठी करून त्यात सागाची खुंटी बसवली. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. आधी थिनरच्या फडक्याने भोक आणि खुंटी दोन्ही पुसून घ्यायची, वाळू द्यायची आणि मगच गोंद लावायचा. पूर्ण एक दिवस तसंच ठेवलं.

भोक पाडण्याचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. पायातलं भोक आधी, गुण्या लावून, ९ मिमीच्या बिटने. बाहेरच्या अंगाने वॉशर बुडेल अशी २५ मिमी व्यासाची, १२ मिमी खोल वाटी त्याच्याही आधी पाडून घ्यायची, कारण भोक झाल्यावर मोठ्या बिटला मध्य सापडत नाही. मग कुसू खाचेत बसवून, पट्टी क्लॅम्पने पायाशी दाबून, पायातल्याच भोकातून पट्टीच्या टोकात ड्रिल घालायचं. पायातलं भोक बिटला सरळ नेतं. ड्रिल खांद्यापासून किमान ७० मिमी खोल गेलं पाहिजे, नाहीतर बोल्ट तळाला टेकतो आणि आवळल्यासारखा वाटून सांधा मोकळाच राहतो. बॅरल नटाचं भोक शेवटी, आतल्या अंगाने, पट्टीच्या आरपार न जाता. नट १२ ते १४ मिमी व्यासाचे मिळतात, हातातला नट मोजून मगच बिट घ्या. नटाच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच असते, ती बोल्टच्या रेषेत फिरवली की आटे समोर येतात. सगळेच नट असे नसतात, म्हणून खाच आणि आटे यांची दिशा नट हातात असतानाच बघून ठेवा.

लांबीचा हिशोब असा केला: पाय ६५ मिमी, त्यातून वाटी १२ वजा केली की उरले ५३. खांद्यापासून नटाच्या मध्यापर्यंत ५५. बेरीज १०८. नटाचा उरलेला अर्धा भाग ७ आणि वॉशरचे २ धरून ११७. म्हणून १२० मिमीचा बोल्ट. हव्या लांबीचा बोल्ट नाही मिळाला तर आटेदार सळई कापून एका टोकाला डोम नट (एका बाजूने बंद, घुमटासारखा नट) लावता येतो. नाशिकला त्यासाठी अडून राहावं लागत नाही, सातपूर-अंबडला लेथवर बॅरल नटही हव्या मापाचे करून मिळतात.

एक अडचण मला ऐनवेळी आली. उशाकडच्या आडव्या पाट्याचं कुसूही त्याच पायात, त्याच उंचीवर होतं आणि बाजूपट्टीचा बोल्ट त्याच्यातून जाणार होता. पाट्याचं कुसू गोंदाने पक्कं असल्याने ड्रिल त्यातूनच नेलं आणि चाललं. नवीन पलंग आखताना मात्र दोन्हींची उंची एक-दीड इंच वेगळी ठेवा.

बाभळीचा पलंग करत असाल तर साधे काळे लोखंडी बोल्ट घेऊ नका. बाभळीतला तुरट अंश, लोखंड आणि पावसाळी ओल एकत्र आले की भोकाभोवती शाईसारखे काळे डाग उमटतात. जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या.

आवळायचं कधी

दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि होळीनंतर एकदा. भर पावसाळ्यात आवळू नका, तेव्हा लाकूड फुगलेलं असतं. आवाज थांबेल आणि खांद्याची फट मिटेल इतपत पुरे. ॲलन कीच्या लांब दांड्याला पाइप घालून जोर लावला तर लाकूड चेपेल आणि पुढच्या वर्षी आणखी सैल होईल. इगतपुरी-त्र्यंबककडे पलंग गेला असेल तर तिथला पाऊस जास्त, म्हणून पहिल्या वर्षी दोनऐवजी तीनदा बघा. खोलीत रात्रभर कूलर चालत असेल, तर उन्हाळ्यातही लाकूड थोडं दमट राहतं, तेव्हा कूलर बंद झाल्यावर आठवड्याभराने तपासा.

घर बदलताना पलंग उसवाल तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर आतल्या अंगाने पटाशीच्या टोकाने एक, दोन, तीन, चार रेघा मारून ठेवा, पायावर आणि पट्टीवर सारख्याच. कुसू कोरून बसवलेलं असलं की एका कोपऱ्याचं दुसऱ्याला नीट बसत नाही. बोल्ट, वॉशर आणि नट त्या-त्या पायाला पिशवीत बांधा.

बहिणीच्या पलंगाचे नवे सांधे बसवल्यापासून दर होळीनंतर ती स्वतःच चार कोपरे फिरून बोल्ट आवळते, पाव फेरा, कधी तेवढाही नाही. ॲलन की मधल्या आडव्या आधाराला दोरीने बांधून ठेवली आहे, गादी उचलली की हाताला लागेल अशी.